राहिलेली नऊ बोटं

डोंबिवली (पूर्व)
मंगळवार सकाळ

प्रिय सुदेश,

रविवारी संध्याकाळी तुझ्या फोनवर एका अनोळखी नंबरावरून दोन मिस्ड कॉल आले असतील आणि तिसऱ्यांदा तू फोन उचलून "हॅलो, कोण?" म्हणालास तर पलीकडून कुणी बोललंच नसेल. ती मी होते. तुझा आवाज चांगलाच घोगरा झाला आहे. मी सुमतीबाई, तुझ्या शाळेतली, चित्रकलेची. सातवी ब, खिडकीजवळचा तिसरा बाक. एवढ्यावर ओळख पटली असेल. नसेल पटली तर 'खडू फेकून मारणाऱ्या बाई' म्हण, म्हणजे नक्की पटेल.

सातवीतल्या तुझ्या त्या बक्षीस मिळालेल्या चित्राबद्दल मला तुझी माफी मागायची आहे. हे वरच लिहून टाकते, कारण शेवटपर्यंत लांबवलं तर माझा धीर सुटेल आणि मी तब्येतीच्या आणि हवापाण्याच्या गोष्टी लिहून पत्र संपवीन. पण माफी मागायची तर कशाची ते नीट सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर मला परवाच्या शनिवारपासून सुरुवात करावी लागेल. तासाला करायचास तशी चुळबुळ करू नकोस. निवांत बसून वाच.

तीन महिन्यांपूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. घरी आले तर स्वयंपाकघरातल्या फरशा चक्क पांढऱ्या निघाल्या. गेली सात-आठ वर्षं मी त्यांना पिवळट समजत होते आणि नीट घासत नाहीस म्हणून कामवालीला बोल लावत होते. काळी म्हणून लग्नकार्यात नेसायचं टाळलेली साडी गडद निळी निघाली. चाळीस वर्षं मुलांना रंग शिकवलेल्या बाईची ही कथा. माझी नात उर्वी, लेकीची मुलगी, कोपरीला राहते, दिवसभर लॅपटॉपसमोर बसते आणि शनिवार-रविवार मोकळी असते. ती म्हणाली, "आजी, एवढे भारी नवीन डोळे मिळालेत आणि तू सीरियल बघत बसलीयेस? वीकेंडला ये माझ्याकडे. तुला भिंती दाखवते." मी म्हटलं, भिंतींत काय बघायचं? माझ्या घराला चार आहेत. पण गेले. एकट्या माणसाला कुणी बोलावलं की आढेवेढे घ्यायचे ते फक्त पद्धत म्हणून.

आणि खरंच सांगते, मजा आली. आपली गावं किती विक्षिप्त आहेत हे आपण रोजच्या धावपळीत बघतच नाही. कोपरीत एका लांबलचक भिंतीवर पन्नासेक फ्लेमिंगो काढलेत. रंग सुरेख, पण पायांचे सांधे मागे वाकायला हवेत ते त्या पठ्ठ्याने माणसाच्या गुडघ्यांसारखे पुढे वाकवलेत, त्यामुळे सगळे पक्षी पंगतीला बसायच्या तयारीत आहेत असं वाटतं. थोडं पुढे एका सोसायटीच्या कुंपणावर सुवाच्य अक्षरांत लिहिलंय, 'कृपया येथे वाहन उभे करू नये.' त्याच्या खाली जरा मोठ्या अक्षरांत, 'वाहन उभे केल्यास हवा सोडण्यात येईल.' त्याच्या खाली घाईने, ब्रशने, 'हवा सोडली आहे.' आणि सगळ्यात खाली कुणीतरी विटेच्या तुकड्याने, 'पंप आणला आहे.' मी भर रस्त्यात हसत उभी राहिले. उर्वीने माझाच फोटो काढला.

टेंभी नाक्याजवळच्या एका गल्लीत विजेच्या डब्यावर कुणी दहीहंडीचे थर रंगवलेत. मूळची धोक्याची कवटी तशीच ठेवून, तिच्यापर्यंत पोचायला वरचा गोविंदा हात लांब करतोय. एका शिंप्याच्या शटरवर अर्धवट शिवलेलं पोलकं आहे. शटर अर्धं खाली आलं की त्याची एक बाही दिसते, पूर्ण खाली आलं की दुसरी. अशा गमती बघत आम्ही दुपारपर्यंत फिरलो आणि मी प्रत्येक भिंतीपुढे उभी राहून चुका काढल्या. सावली उलट्या बाजूला पडलीय. मान आखूड आहे. घोड्याला पाच पाय आहेत, मोज. शेवटी उर्वी म्हणाली, "आजी, तू बघत नाहीयेस यार, तू तपासतेयस." मला राग आला. खरं बोललेलं लागतं म्हणतात, तसा.

तिथेच एका फुलवाल्याच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर मला ती पहिली बाई दिसली. गजरे ओवत बसलेली. चेहरा साधा, चारचौघींसारखा, पण मनगटापर्यंत दोन्ही हात झेंडूसारखे पिवळेजर्द. माझ्या तोंडून सवयीने गेलंच, "हातांचा रंग चुकलाय." उर्वी म्हणाली, "चुकला नाहीये, त्याची स्टाइलच आहे ती. आमच्या कोपरीतपण एक आहे, मासेवाली. तिचे हात निळे आहेत." मग ती पुढे आइस्क्रीम, मिसळ, काय काय म्हणत राहिली. मी हो हो म्हटलं. मिसळ पुढ्यात आली तेव्हा ती लाल आहे एवढंच मला कळलं, चव कळली नाही.

आता मला शाळेकडे वळायला हवं, सुदेश. तुला आठवत असेल, दरवर्षी जानेवारीत आंतरशालेय चित्रकला स्पर्धा असायची. मी सहा-सात मुलं निवडायची, शाळा सुटल्यावर हॉलमध्ये थांबवायची, पोस्टर कलरच्या बाटल्या उघडून द्यायची. मुलं काढायची आणि घरी जायची. मग मी त्या चित्रांवर हात फिरवायची. आभाळाची कड सारखी कर, तिरळे डोळे सरळ कर, झाडाखाली सावली टाक. यात मला काहीही गैर वाटत नव्हतं. सगळ्या शाळांमधले चित्रकलेचे शिक्षक हेच करायचे. खरं तर ती स्पर्धा आम्हा शिक्षकांचीच असायची, मुलांची आपली नावं. आमचे मुख्याध्यापक शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणायचे, "सुमतीबाईंचा हात फिरला की बक्षीस शाळेचंच." गणिताच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांना शाळेत मान असतो, सुदेश. चित्रकलेच्या बाईला वर्षातून एकदा, जानेवारीत मिळायचा. मला त्या मानाची भूक होती. आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

तुझ्या वर्षी विषय होता 'माझी आई'. बाकीच्या मुलांच्या आया एका छापाच्या होत्या. हिरवी साडी, अंबाडा, हातात लाटणं, मागे तुळस. त्यातल्या निम्म्या मुलांच्या घरी तुळस नव्हती, ठेवायला जागाच नव्हती, तरी सगळ्यांनी काढली. तुझी आई उंबऱ्यात बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे वर. चेहरा तू नुसता उरकला होतास. सगळं लक्ष हातांवर. ते सुपाएवढे मोठे आणि कोपरापर्यंत हिरवेगार. तू धाकट्या बहिणीला बालवाडीतून आणायला लवकर गेला होतास. मी चित्र हातात घेतलं आणि म्हटलं, बाकी छान आहे, पोराला स्किन कलर करता आला नाही, बाटलीत होता तो हिरवा लावून मोकळा झाला. पांढऱ्यात शेंदरी घातला, किंचित पिवळा घातला, आणि ते हात झाकून टाकले. कडेने मागच्या भिंतीचा रंग आत ओढून लहान केले. छान निमुळती बोटं काढली. एवढं करून ब्रशला थोडा हिरवा राहिला होता, तो वाया जाऊ नये म्हणून दोन्ही मनगटांत दोन-दोन बांगड्या घातल्या. माझ्या मते मी तुझ्या आईला नटवत होते.

दुसऱ्या दिवशी तू चित्र बघितलंस आणि म्हणालास, "बाई, हे माझ्या आईचे हात नाहीत." मी काय म्हणाले ते तुला आठवत असणारच. मलाही शब्दन् शब्द आठवतो. मी वर्गाकडे वळून विचारलं, "काय रे, कुणाच्या आईचे हात हिरवे असतात का?" सगळा वर्ग हसला. मी पुढचा बाक तपासायला गेले. बाईंनी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं तुझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, पण ते वाचायला मी थांबले नाही.

रविवारी उर्वी मला गाडीतून घरी सोडायला निघाली, आणि जाताजाता कल्याणच्या भिंती बघू म्हणाली. पिवळ्या हातांनी रात्रभर झोप लागू दिली नव्हती, पण मी तिला काही बोलले नाही. कल्याणला एका पुलाखालच्या खांबांवर कुणी वाघ, मोर आणि अंतराळवीर एका ओळीत काढलेत, त्यांचा एकमेकांशी काय संबंध ते चित्रकारालाच ठाऊक. एका केशकर्तनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर टकलू माणसाचं हसरं चित्र आहे, जाहिरात म्हणून. मी एकही चूक काढली नाही. उर्वीने दोनदा विचारलं, आजी, बरं वाटतंय ना?

मग विठ्ठलवाडी. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ती लांब भिंत. उर्वीने गाडी लावली आणि मी उतरून पहिल्या चित्रापुढे उभी राहिले. एकच बाई, सात वेळा. पीठ मळतेय, हात हिरवे. मुलीची वेणी घालतेय, हात गुलाबी, आणि त्या काळ्याभोर केसांतसुद्धा एका ठिकाणी गुलाबी लागलंय. कंदिलाची काच पुसतेय, हात जांभळे. देवापुढे हात जोडतेय, केशरी. मुलाच्या कपाळावर ताप बघायला हात ठेवलाय, निळा. मी एकेक पाऊल पुढे सरकत होते. चेहरा आता तू उरकत नाहीस. प्रत्येक चित्रात तो थोडा थोडा थकत गेलाय, बाकी काही बदललेलं नाही. असं काम मी आयुष्यात केलं नाही, सुदेश, आणि कुणाला शिकवलंही नाही. तू हे माझ्याकडून शिकला नाहीस याचं मला बरंच वाटलं.

आठवं चित्र नुसतं खडूने आखलेलं होतं. एक स्टेज. माईक. तीच बाई, पुढ्यात बक्षिसाचा कप. आणि कप घेताना तिचे दोन्ही हात पदराखाली.

भिंतीच्या टोकाला कमळाबाईंची चहाची टपरी आहे, तुला सांगायला नको. मी तिथल्या बाकावर बसले ती बसलेच. उर्वी घाबरली. कमळाबाईंनी पाणी दिलं, आणि मी भिंतीकडे बघतेय हे बघून आपणहून सांगायला लागल्या. "सुदेश म्हणून आहे एक, बोर्ड रंगवतो, शटर रंगवतो. ही भिंत मात्र जीव लावून करतोय. आई आहे त्याची ती. तिकडे डोंबिवलीला कंपनीत रंगाची पावडर भरायला जायची. रोज घरी यायची तर हात वेगळा. पोरं दारात उभी, आज कुठला, आज कुठला करत. पैज लावायची म्हणे." मग त्यांनी गाळणं आपटून चोथा काढला आणि म्हणाल्या, "आता म्हातारीचे हात एकदम साफ झालेत. पण तो म्हणतो, साफ हात मला काढताच येत नाय. आणि ते शेवटचं बघा, महिना झाला तसंच पडलंय. पदराखालचे हात कसे रंगवायचे ते ठरत नाय म्हणतो."

मी विचारलं, आई आहेत? त्या म्हणाल्या, "आहेत म्हणजे! दर रविवारी चारला रिक्षातून घेऊन येतो. खुर्ची टाकतो, त्या बसतात, बघतात, माझा अर्धा चहा पितात नि जातात. थांबा ना ताई, येतीलच तासाभरात." आणि मी काय केलं असेल? मी उठले, उर्वीचा दंड धरला आणि म्हटलं, चल, मला घरी सोड, आत्ता. तुला खडू मारणारी बाई पळून गेली, सुदेश. गाडी वळताना भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात तुझं नाव आणि नंबर दिसला, तो मी तळहातावर लिहून घेतला. घरी येऊन तीन वेळा लावला. पुढचं तुला माहीत आहे.

आता ती गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही. तुला वाटत असेल की बाईंना माहीत नव्हतं. बाईंनी न कळत केलं, सोडून देऊ. काल दिवसभर मीसुद्धा स्वतःला तेच समजावत होते. ते खरं नाही. बक्षीस समारंभाच्या दिवशी तुझ्या आईला स्टेजवर बोलावलं. इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. पाहुण्यांनी कप पुढे केला तर त्यांनी दोन्ही हातांवर पदर घेऊन, देवळातला प्रसाद घ्यावा तसा घेतला. पाहुण्यांना वाटलं, केवढी ही नम्रता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारी उभी होते. कप जड होता, पदर सरकला, आणि मी त्यांचे हात बघितले. नखांच्या कडा हिरव्या, बोटांच्या पेरांवरच्या रेषा हिरव्या, आणि बाकीची कातडी काथ्याने घासघासून लाल झालेली. त्या दिवसासाठी त्यांनी ते हात किती घासले असतील, देव जाणे. तेव्हा माझे डोळे चांगले शाबूत होते, सुदेश. मला सगळं कळलं, एका क्षणात.

चित्र तिथेच स्टँडवर लावलेलं होतं. तुझ्या आईने त्या चित्रातल्या हातांकडे बघितलं, बराच वेळ, आणि मला म्हणाल्या, "बाई, हात किती छान काढलेत." मी म्हणू शकले असते की ते मी काढलेत, तुमच्या लेकाने तुमचेच काढले होते. एका वाक्याचं काम होतं. समोर मुख्याध्यापक बसले होते, पाच शाळांचे शिक्षक बसले होते. मी म्हणाले, "सुदेशनेच काढलेत." तू आमच्या दोघींच्या मधे उभा होतास आणि तू माझ्याकडे वर बघितलंस. कपाला तू हात लावला नाहीस. त्या वयाची मुलं रागावतात, रडतात, मी तयार होते. तू नुसतं बघितलंस आणि मग आईचा पदर नीट केलास.

दुसऱ्या आठवड्यापासून तू चित्रकलेची वही आणेनासा झालास. मी तुला वर्गाबाहेर उभं करत गेले. वर्षभर. पुढच्या वर्षी तू तो विषय असून नसल्यासारखा केलास, दहावीनंतर कुठे गेलास ते मला कळलं नाही आणि मी शोधही घेतला नाही. लगेच सुधारले असंही नाही. पुढची दोन वर्षं मी आणखी मुलांच्या चित्रांवर हात फिरवला, बक्षिसं आणली. मग एका जानेवारीत ब्रश हातात घेतला आणि बाजूला ठेवला. शाळेला पुन्हा बक्षीस मिळालं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, सुमतीबाईंचा हात आता थकला. मी हो म्हटलं.

पत्र लांबलंय, पण मी हे का लिहिलं ते आता सांगते. तुझं ते चित्र माझ्याकडे आहे. शाळेच्या ऑफिसात बरीच वर्षं काचेत लावलेलं होतं. मी निवृत्त झाले त्या वर्षी ऑफिस नव्याने करायला काढलं, फ्रेमा भंगारात निघाल्या, तेव्हा आठवण म्हणून नेते असं सांगून मी ते घरी आणलं. खरं म्हणजे पुन्हा कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून आणलं आणि तेरा वर्षं चादरीत गुंडाळून कपाटामागे ठेवलं. काल सकाळी काढलं. नव्या डोळ्यांना पहिल्यांदा दिसलं की उजव्या कोपराजवळ माझ्या रंगातून हिरव्याची एक बारीक रेघ सुटलेली आहे. पोस्टर कलर पाण्याने निघतो, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं. मी स्वतःला बजावलं, आता हात लावायचा नाही, याला तू एकदा हात लावलास तेवढा पुरे. पण खाली तो शिल्लक आहे की नाही, हे बघितल्याशिवाय मला तुला लिहायचं धाडस होईना. कापूस ओला करून पिळला आणि डाव्या हाताच्या करंगळीवर अगदी हलका टेकवला, उचलला, टेकवला. अर्धा तास लागला. आहे, सुदेश. खाली तुझा हिरवा आहे, जसाच्या तसा, आणि तिथे बोटसुद्धा मी काढलेल्या बोटाच्या दुप्पट आहे. तिथेच थांबले. हे पत्र उर्वी कमळाबाईंकडे देऊन येईल. मागे माझा पत्ता लिहिला आहे, लिफ्ट चालू असते. फोन करायचा नसेल तर करू नकोस, माफ करायचं नसेल तरी चालेल, पण चित्र घेऊन जा. आणि जमलं तर तुझ्या आईला बरोबर आण. ते हात कुणी काढले होते, ते मला त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे. चित्र टेबलावर ठेवलंय, शेजारी वाटीत पाणी आणि कापूस. एक बोट मी सोडवलंय. राहिलेली नऊ तुमची.

तुझी, वाट बघणारी,
सुमतीबाई